धूर नाही, कायदा आहे

सिगारेट सुटत नाही आणि घरात तिचा वास चालत नाही, अशा पेचातील गृहस्थास तापवायच्या तंबाखूचे उपकरण सोयीचे वाटते. तंबाखू जाळायची नाही, विजेवर सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवून वाफ ओढायची. २०१४ साली जपानमधील नागोया शहरात ते बाजारात आले. काही विषारी द्रव्ये घटतात हे खरे. निकोटीन मात्र राहते, सवयही राहते.

भारतात २०१९ च्या कायद्याने हे उपकरण ई-सिगारेटच्या व्याख्येतच घेतले. ओढणाऱ्यास त्यात शिक्षा नाही, विकणाऱ्यास आहे : पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशाहून मागवून देणेही आयातच.

ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत ज्यांचे गाळे भाड्याने दिलेले आहेत, त्यांनी साठ्याविषयीचे कलम अवश्य वाचावे. जाणूनबुजून आपल्या जागेत असा माल ठेवू दिल्यास मालकासही सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडेकरारात वीजबिल, डागडुजी सारे लिहिले जाते. माल कोणता, हे बहुधा तोंडीच राहते.

ज्याला खरोखर सोडायचे आहे, त्याच्यासाठी शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे : १८००-११-२३५६.