शिखर एक, वाटा अनेक

मुलांनो, डोंगरावरची वाट सोपी की अवघड, हे कशावरून ठरते? तुम्ही म्हणाल, डोंगराच्या उंचीवरून. पण तेवढ्यावरून ते ठरत नाही. एकाच शिखरावर जाणारी एक वाट अवघड आणि दुसरी तिच्याहून कितीतरी अधिक अवघड असू शकते. के-टू या शिखराचे उदाहरण घेऊन आपण हे समजून घेऊ.

के-टू हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर. ते काराकोरम पर्वतरांगेत, बाल्टिस्तान आणि चीन यांच्या सीमेवर आहे. त्याची उंची ८,६११ मीटर आहे. म्हणजे एव्हरेस्टहून ते २३८ मीटरनेच कमी आहे. त्याचे नाव तुम्हांला विचित्र वाटेल. १८५६ साली माँटगोमरी या सर्वेक्षकाने काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून दूरवरची शिखरे पाहिली आणि त्यांना के-वन, के-टू असे क्रमांक दिले. ‘के’ हे काराकोरमचे पहिले अक्षर. पुढे के-वनचे ‘माशेरब्रुम’ हे स्थानिक नाव सापडले. पण के-टूचे सर्वांच्या तोंडी असलेले नाव काही मिळेना. मिळणार तरी कसे? त्या बाजूचे शेवटचे गाव अस्कोले. तेथून हे शिखर दिसतच नाही! अस्कोलेहून पायथ्याच्या तळापर्यंत जाण्यास सुमारे आठवडा लागतो. बरीचशी वाट बाल्तोरो हिमनदीवरून जाते. मध्ये गाव नाही, दुकान नाही, दवाखाना नाही.

आता वाटांकडे वळू. बहुतेक गिर्यारोहक ज्या वाटेने चढतात, तिला अब्रुझी सोंड म्हणतात. ही आग्नेयेकडून वर जाणारी डोंगराची सोंड आहे. तिच्यावर एके ठिकाणी कड्यात एक उभी, अरुंद चीर आहे. ती चढताना अंग चिरेत घालून, पाठ एका भिंतीला आणि पाय समोरच्या भिंतीला टेकून वर सरकावे लागते. १९३८ साली बिल हाउस हे अमेरिकन गिर्यारोहक ती प्रथम चढून गेले. त्याहून वर, सुमारे ८,२०० मीटर उंचीवर ‘बॉटलनेक’ आहे. बॉटलनेक म्हणजे बाटलीचा गळा. ही एक अरुंद, बर्फाळ घळ आहे आणि तिच्या डोक्यावर बर्फाचा प्रचंड कडा लोंबत असतो. ऑगस्ट २००८ मध्ये या कड्याचे तुकडे कोसळले आणि उतरण्यासाठी बांधलेले दोर तुटून गेले. त्या दोन दिवसांत शिखरावर अकरा जण मरण पावले.

आणि ही के-टूवरची त्यातल्या त्यात सोपी वाट!

याच वाटेने ३१ जुलै १९५४ रोजी दोन इटालियन गिर्यारोहक प्रथम शिखरावर पोहोचले. त्यांची नावे पुस्तकांत सापडतात. पण आदल्या दिवशी त्यांच्यासाठी प्राणवायूची जड नळकांडी ८,१०० मीटरपर्यंत कोणी वाहून नेली? वॉल्टर बोनात्ती आणि हुंझा भागातील अमीर मेहदी यांनी. ठरलेल्या जागी तंबू नव्हता. तो आणखी वर लावलेला होता. अंधार पडला. दोघांनी ती रात्र उघड्या बर्फात बसून काढली. मेहदी जिवंत परत आले, पण हिमदंशामुळे त्यांच्या पायांची बोटे कापावी लागली. बोनात्ती यांनी त्या रात्रीची जी हकिकत सांगितली, ती इटलीच्या गिर्यारोहण संस्थेने मान्य करण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली. मला तर ही दिरंगाई त्या रात्रीइतकीच कठोर वाटते.

पुढे काही गिर्यारोहकांनी मुद्दामच दुसऱ्या बाजू निवडल्या. १९८१ साली जपानी पथकातील एइहो ओतानी आणि हुंझाचेच नझीर साबीर पश्चिमेकडून शिखरावर गेले. १९८२ साली दुसरे जपानी पथक चीनच्या बाजूने, उत्तर धारेवरून चढले.

सर्वांत धाडसी वाट मात्र दक्षिण कड्यावरची. १९८६ साली पोलंडचे येर्झी कुकुच्का आणि तादेउश प्योत्रोव्स्की या कड्यावर चढले. त्यांच्याजवळ प्राणवायूची नळकांडी नव्हती. वरच्या भागात मदतनीसही नव्हते. सुमारे ८,३०० मीटरवर उभ्या खडकाने त्यांची वाट अडवली. तुम्ही विचाराल, खडक तर खालीही असतात. मग एवढे काय? पण विचार करा. आठ हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. एक पाऊल टाकले की दम लागतो. हातमोजे काढले तर बोटे गोठतात आणि घातले तर खडकाची बारीक खाच पकडता येत नाही. त्या दिवशी संपूर्ण दिवसभरात त्यांनी जेमतेम तीस मीटर खडक सर केला. त्यातच गॅसची शेवटची टाकी हातातून निसटली. बर्फ वितळवल्याशिवाय तेथे पाणी मिळत नाही. त्यांनी मेणबत्तीवर कसेबसे मगभर पाणी केले!

८ जुलै रोजी ते शिखरावर पोहोचले. पण काम अर्धेच झाले होते. ज्या कड्याने चढले, त्या कड्याने उतरणे शक्य नव्हते, म्हणून ते अब्रुझी सोंडेने उतरू लागले. अवघड वाटेने चढणाऱ्याला उतरण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी लागते, ती यासाठीच. त्यांची शक्ती संपली होती. बर्फावर पाय घट्ट रोवण्यासाठी बुटांखाली लोखंडी काटे बांधतात. १० जुलै रोजी प्योत्रोव्स्की यांच्या बुटांचे काटे एकामागून एक निसटले आणि ते खोल दरीत कोसळले. कुकुच्का एकटेच खाली आले. त्यांच्या त्या वाटेने आजवर दुसरे कोणीही शिखरावर गेलेले नाही.

पश्चिम कड्याच्या मधोमध जाणारी वाट २००७ साली रशियन पथकाने सर केली. २०२४ साली त्याच कड्यावर नवी वाट शोधताना दोन जपानी गिर्यारोहक कोसळले. पूर्वेकडची बाजू मात्र अजून कोणीही चढलेले नाही. तिच्यावर बर्फाचे जाड थर लोंबत असतात आणि ते केव्हा सुटतील याचा नेम नसतो.