चार पट्टे खुर्चीला, एक माणसाला

संपादकांना हवा होता इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदरावरचा प्रवासलेख. मी तिथे गेले ती यॉर्कहून निघालेल्या एका मिनीबसने, आणि लेखाचा विषय ती बसच झाली. व्हीलचेअर वापरणारी, दृष्टी अधू झालेली, ऐकू न येणारी माणसं तिच्यात होती. बस त्यांना सकाळी दारातून घेते, दिवसभर समुद्रावर नेते आणि संध्याकाळी दारात सोडते.

ब्रिटनमध्ये अशा सहली बहुतेक ठिकाणी सेवाभावी संस्था काढतात. १९८५ च्या वाहतूक कायद्यातल्या कलम १९ खाली त्यांना परवाना मिळतो. खर्च भरून निघेल इतकं भाडं त्या घेऊ शकतात, नफा कमावू शकत नाहीत. मोठ्या बससाठी २००० साली सुगम्यतेचे सक्तीचे नियम आले, पण ते २२ पेक्षा जास्त प्रवाशांच्या नियमित फेऱ्यांपुरते आहेत. सोळा आसनांची मिनीबस त्यांच्या बाहेर राहते.

बघणाऱ्याचं लक्ष आधी मागच्या दारातल्या लिफ्टकडे जातं. पोलादी फळी जमिनीला टेकते, खुर्ची तिच्यावर चढते, कडेची पट्टी उभी राहून चाकांना अडवते आणि माणूस अलगद वर येतो. माणसं उचलणाऱ्या अशा लिफ्टची दर सहा महिन्यांनी कसून तपासणी करावीच लागते. पण तिचं काम दोन मिनिटांत संपतं. पुढचा सगळा रस्ता माणसाची काळजी वाहतात ते बसच्या तळात बसवलेले रूळ आणि त्यांत अडकवलेले पट्टे.

हे पट्टे बांधत होत्या बसच्या चालक, एकोणसत्तर वर्षांच्या निवृत्त परिचारिका. बिनपगारी काम. प्रत्येक खुर्चीपाशी त्या गुडघे टेकून बसायच्या. दोन पट्टे पुढून, दोन मागून. आकडा अडकवायचा तो खुर्चीच्या मूळ सांगाड्याला. चाकाला, हाताला किंवा पायटेकणीला कधीच नाही, कारण धक्क्याबरोबर हे भाग निखळतात. पट्टा ताणून झाला की दोन्ही हातांनी खुर्ची हलवून बघायची. मग माणसाचा वेगळा पट्टा. तो ओटीपोटावरून नाही, कमरेच्या हाडांवरून गेला पाहिजे आणि त्याची ओढ बसच्या सांगाड्यावर पडली पाहिजे. बॅटरीवर चालणारी खुर्ची शंभर किलोंच्या वर सहज जाते. बस अचानक थांबली तर त्या वजनाचा भार खुर्चीतल्या माणसावर येता कामा नये, म्हणून खुर्चीचं बंधन वेगळं आणि माणसाचं वेगळं.

पट्टा बांधण्याआधी त्या दर वेळी विचारत, इथे हात लावू का? एका आजोबांच्या पांढऱ्या काठीवर लाल पट्टे होते. म्हणजे दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, हे ब्रिटनमध्ये ठरलेलं चिन्ह आहे. बाईंनी आधी त्यांच्या दंडाला हलका स्पर्श करून आपण आल्याचं कळवलं आणि मग पट्ट्याचं टोक त्यांच्याच हातात दिलं. आवाजाचा त्रास होणाऱ्या एका तरुणाला लिफ्टचा कर्कश भोंगा थांबल्यावरच गाडीत बोलावलं. यांतलं काही यंत्र करू शकत नाही.

पिकरिंग सोडलं की रस्ता माळावर चढतो. ऑगस्टात इथे हेदरची झुडपं फुलतात आणि डोंगर जांभळे होतात. हॉर्कमची प्रचंड खोलगट दरी कडेने मागे टाकली की सॉल्टर्सगेटचं तीव्र वळण येतं. तिथे सगळे एका अंगाला कलले. बांधलेल्या खुर्च्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. व्हिटबीत टेकडीवरच्या चर्चपर्यंत १९९ पायऱ्या आहेत आणि त्यांच्यावर मठाचे भग्न अवशेष. मठाची स्थापना सन ६५७ ची. पर्यटक पायऱ्या मोजत चढतात. आमची बस मागच्या मोटाररस्त्याने सरळ माथ्यावर गेली. समुद्राचा वारा सगळ्यांच्या तोंडावर सारखाच आला.

आता चिंतेचं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीचा परवाना मिळवलेल्यांना अशी मिनीबस चालवायची मुभा त्याच परवान्यात मिळालेली आहे. त्या पिढीतला सर्वांत तरुण माणूसही आज पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे. नंतरच्यांना बिनपगारी काम करतानाही डिझेलवरची बस खास उपकरणांसह सव्वाचार टनांपर्यंतचीच चालवता येते. लिफ्ट, रूळ आणि जड खुर्च्या धरून बस त्याहून वजनदार असली, की वेगळी परीक्षा आणि तिचा खर्च आला. जुन्यांना सत्तरी गाठल्यावर ही मुभा टिकवायला वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. आमच्या चालक बाईंची वेळ पुढच्याच वर्षी येते आहे. त्यांच्या जागी कोण, याचं उत्तर संस्थेपाशी नव्हतं.

दुसरी अडचण स्वच्छतागृहाची. अपंगांसाठीचं नेहमीचं स्वच्छतागृह साधारण सव्वातीन चौरस मीटरचं असतं. ज्यांना उचलून ठेवावं लागतं त्यांना ते पुरत नाही. त्यासाठी छताला उचलयंत्र आणि प्रौढ माणसाला आडवं होता येईल असा बाक असलेली, किमान बारा चौरस मीटरची खोली लागते. २००६ पासून या मागणीची मोहीम चालली आणि आता देशभर अशा दोन हजारांहून अधिक खोल्या आहेत. तरीही सहलीचा मार्ग आखताना आधी हीच खोली शोधावी लागते, समुद्र नंतर. ती वाटेत नसली तर काही जण आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडतात. सहलीसाठी माणसाला तहानलेलं राहावं लागणं ही व्यवस्थेची हार आहे, मग लिफ्ट कितीही चकचकीत असो.

आपल्याकडेही आता लिफ्ट बसवलेल्या ट्रॅव्हलर भाड्याने मिळू लागल्या आहेत. आईवडिलांसाठी किंवा संस्थेच्या सहलीसाठी अशी गाडी ठरवाल तेव्हा लिफ्ट आहे हे ऐकून थांबू नका. खुर्ची कशाने बांधणार, ते कुणाला शिकवलं आहे आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींचं नीट उत्तर मिळालं तरच आगाऊ रक्कम भरा.