सांडपाण्यातील स्फुरद आणि तुरटी

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. याच तुरटीने शहरांच्या सांडपाण्यातील स्फुरदही वेगळा काढता येतो.

स्फुरद हे पिकांचे आवश्यक अन्नद्रव्य होय. परंतु मलमूत्र व धुलाईच्या पावडरीतून तो नदी-जलाशयांत गेला की, तेथे शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. कॅनडातील एका सरोवराचे पडद्याने दोन भाग करून डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग केला. दोन्ही भागांत नत्र व कार्बन घातले; स्फुरद मात्र एकाच भागात घातला. तोच भाग शेवाळाने हिरवागार झाला.

सांडपाण्याच्या नेहमीच्या शुद्धीकरणात घन पदार्थ तळाशी बसतात आणि जिवाणू सेंद्रिय घाण नष्ट करतात. विरघळलेला स्फुरद मात्र बऱ्याच प्रमाणात पाण्याबरोबर पुढे जातो. तुरटीतील ॲल्युमिनियमशी संयोग झाल्यावर त्याचे न विरघळणारे ॲल्युमिनियम फॉस्फेट बनते आणि ते गाळाबरोबर तळाशी बसते. फेरिक क्लोराइड व चुना यांचाही असाच उपयोग होतो.

दर लिटरला ५ मिलिग्रॅम स्फुरद असलेल्या १० लाख लिटर सांडपाण्यात एकूण ५ किलो स्फुरद असतो. रासायनिक हिशेबाने त्यासाठी जलशुद्धीकरणाची सुमारे ४८ किलो तुरटी लागते. काही तुरटी इतर द्रव्यांवर खर्ची पडत असल्याने प्रत्यक्षात मात्रा याहून बरीच अधिक ठेवावी लागते. ती पाण्याच्या नमुन्यांवर चाचणी घेऊन ठरवितात. तुरटीमुळे पाण्याची आम्लता वाढते, याकडेही लक्ष द्यावे लागते.

या उपायाने स्फुरद नाहीसा होत नाही. तो गाळात जातो आणि गाळाचे प्रमाणही वाढते. हा गाळ नदीकाठी टाकल्यास सारा खर्च व्यर्थ जाईल. शिवाय ॲल्युमिनियमशी जखडलेला स्फुरद पिकांना सहजी मिळत नाही. त्यामुळे गाळाची व्यवस्था योजनेच्या आराखड्यातच असावयास हवी.

पुणे परिसरातील पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांवर जलपर्णीचे थर पसरतात. ते उपसणे आवश्यकच आहे; तथापि जलपर्णीला पोसणारी द्रव्ये सांडपाण्यातच अडविली नाहीत, तर उपसलेली जलपर्णी पुन्हा वाढणारच.