जमिनीतला धातू आणि शिकविलेले यंत्र

१८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल आपले धातुशोधक यंत्र घेऊन आले. यंत्र बोलले, पण गोळी काही सापडली नाही. अंथरुणाखालच्या पोलादी स्प्रिंगांनी त्याला फसविले असावे. सप्टेंबरात अध्यक्ष निवर्तले.

धातू आहे एवढेच सांगणे निराळे आणि त्याचे चित्र काढून दाखविणे निराळे. हे अंतर कसे तोडावयाचे, ते आपण पाहू.

जमिनीत सोडलेल्या विद्युच्चुंबकीय लहरी धातूवर आदळून परततात. त्यांना लागलेल्या वेळेवरून खोली काढता येईल, असे आपल्याला वाटते. पण कोरड्या वाळूत या लहरींचा वेग प्रकाशाच्या सुमारे निम्मा, तर पाण्यात नवव्या हिश्शाइतका. एक पाऊस पडला की आपले गणित चुकलेच! शिवाय दोन निराळ्या वस्तूंचे पडसाद पुष्कळदा जवळजवळ सारखे असतात. वस्तूवरून पडसाद काढणे सोपे. पडसादावरून वस्तू ओळखणे कठीण.

तरीही जिन्यावरची पावले ऐकून आई कोण आले ते ओळखतेच ना? ती पावले तिने वर्षानुवर्षे ऐकलेली असतात. ‘डीप लर्निंग’ हा असाच सराव. संगणकाला हजारो वस्तूंचे पडसाद देतात. तो चित्र काढतो, खऱ्या आकाराशी ताडून आपली चूक सुधारतो. असा तयार झाला की क्षणात चित्र पुढे ठेवतो.

भूसुरुंग काढणाऱ्यांना याचे मोल फार. पुष्कळ सुरुंग प्लॅस्टिकचे, त्यांत धातू नखभर. तो टिपणारे यंत्र प्रत्येक खिळ्यापाशीही ओरडते, आणि दर वेळी माणसाला गुडघे टेकून माती उकरावी लागते.

पण अनोळखी पाहुण्याची चाल मुलासारखी असली, तर आईही फसते. न शिकविलेली वस्तू दिसली की यंत्र शिकविलेल्यांपैकीच एखादीचे चित्र काढील, आणि तेही सुबक! म्हणून त्या चित्रावरून पडसाद पुन्हा गणिताने काढून मूळ पडसादाशी ताडावा. जुळला नाही तर चित्र खोटे. जुळला तरी ते खरेच, असे मात्र नव्हे. कारण सारख्या पडसादांची अडचण आपण पाहिलीच आहे.

बेलचे यंत्र निदान चित्र काढीत नव्हते. आजचे काढते, म्हणून ‘मला शंका आहे’ हे म्हणावयासही आपण त्याला शिकविले पाहिजे. गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा जीव त्या शंकेवर अवलंबून आहे.