सोळा तारा, एक तंतू : व्हिडिओ कॉलमागची छोटी चिप

अब्बू दुबईहून व्हिडिओ कॉल करतात तेव्हा त्यांचा आवाज बहुतेक वेळा समुद्राखालच्या केबलमधून येतो. वर्गात आम्ही सी-मी-वी-4 केबलचं उदाहरण दिलं. 2005 मध्ये पूर्ण झालेली ही केबल जेद्दा, फुजैरा, मुंबई, चेन्नई असे किनारे जोडते. एकीने विचारलं, "सर, एकाच काचतंतूवर एवढं ओझं कशाला? सोळा तंतू टाका ना!"

प्रश्न रास्त आहे. पण सोळा तंतू हजारो किलोमीटर न्यायचे, तर लेसरही सोळा लागतील. आणि एखादा तंतू फूटभर जरी लांब भरला, तरी त्याचा बिट बाकीच्यांच्या एक घर मागे पडेल. म्हणून तंतूच्या तोंडाशी सीरियलायझर चिप बसवतात.

जुम्म्याची नमाज झाली, सोळा जणांची सफ उठली आणि बाहेर जायला दार एकच आहे, असं समजा. सोळावा माणूस बाहेर पडतो न पडतो तोच मागची सफ दाराशी हजर पाहिजे. (आपल्याकडे चपलांपाशीच गर्दी अडते, ती गोष्ट वेगळी!) चिपमध्ये सोळा तारांवरून सेकंदाला प्रत्येकी सुमारे 62 कोटी बिट येतात आणि एकाच वाटेने सुमारे 995 कोटी बाहेर पडतात. हाच तो 10 गिगाबिटचा वेग.

खरी कसोटी घड्याळाची. एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा फक्त एक हजार कोटीवा भाग येतो. फेज लॉक लूप नावाचं सर्किट बाहेरून मिळणारा संथ ठोका सोळापट करतं. हा ठोका जरा डगमगला की शून्य आणि एक यांची सरमिसळ झालीच.

घड्याळ तंतूतून वेगळं पाठवत नाहीत. पलीकडची चिप ते बिटांच्या चढउतारावरूनच ओळखते. म्हणून सलग शून्यं लांबू नयेत यासाठी पाठवण्याआधी बिट ठरलेल्या नियमाने विस्कटतात, पलीकडे पुन्हा जुळवतात.

मग पहिला बिट कुठला, हे कसं कळतं? एसडीएच पद्धतीत सेकंदाला 8000 चौकटी जातात. प्रत्येकीच्या सुरुवातीला 11110110 आणि 00101000 ही खूण ओळीने अनेकदा येते, आणि ती मात्र विस्कटलेली नसते. ती सापडली की पलीकडे सोळाची सफ पुन्हा लागते.