खपली न लागणारे सफरचंद : अंगणातल्या झाडाचा हिशेब

काश्मीरशी आम्हा कापड व्यापाऱ्यांचे नाते जुने आहे. हिवाळा लागला की तिकडचे शालवाले गाठोडी घेऊन आपल्या गावोगावी येतात. पण काश्मीरचा बाजार शालीपेक्षा सफरचंदावर जास्त चालतो. सोपोरच्या मंडीत पेट्यांना भाव मिळाला तर तिकडे लग्नाचे कापड खपते आणि उधारी वसूल होते. माल डागी निघाला तर कापडवाला, सुतार, शिंपी सर्वांचेच हात रिकामे राहतात. म्हणून सफरचंदाचा रोग हा केवळ बागवानांचा प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही.

सफरचंदाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्कॅब, म्हणजेच खपली रोग. ही एक बुरशी आहे. गळालेल्या पानांत ती हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात तिचे बीज उडून कोवळ्या पानांवर बसते. हवा ऊबदार असेल आणि पाने नऊ-दहा तास ओली राहिली तर रोग धरलाच समजा. फळावर काळपट खपल्या येतात, साल तडकते आणि दर्जा घसरतो. काश्मीरमध्ये हा रोग १९३५ मध्ये अंबरी जातीवर प्रथम नोंदला गेला. १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली आणि तेव्हापासून फवारणी हा बागेचा कायमचा खर्च होऊन बसला.

हा खर्च फक्त पैशाचा नाही. काश्मीरमध्ये पुष्कळ घरांच्या सहनातच चार-दोन झाडे असतात. तिथेच मुले खेळतात, कोंबड्या फिरतात, कपडे वाळतात. अशा जागी दर हंगामात पुन्हा पुन्हा औषध मारणे म्हणजे ते घरातच मारण्यासारखे आहे. बागांत काम करणाऱ्यांमधील मेंदूच्या कर्करोगाचा कीटकनाशकांशी संबंध असावा, असा संशय श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका अभ्यासात मांडला होता. संशय म्हणजे पुरावा नव्हे हे खरे. तरी घरच्या अंगणापुरता विचार करायला तेवढे पुरेसे आहे.

यावर एक उपाय झाडाच्या जातीतच आहे. मूळ जपानकडील एका रानटी, बारीक फळाच्या सफरचंदाला खपली लागत नाही, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. त्याचा गोड जातींशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून त्यांनी १९७० मध्ये ‘प्रिमा’ ही जात बाहेर काढली. पुढे ‘लिबर्टी’सारख्या जाती आल्या. आपल्याकडे श्रीनगरजवळ शालिमार येथील शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने ‘फिरदौस’ आणि ‘शिरीन’ या खपलीला दाद न देणाऱ्या जाती तयार केल्या. फिरदौसमध्ये प्रिमाचाच वंश आहे.

मग सगळ्या बागा अशा झाडांनी का भरल्या नाहीत? याचे उत्तर कापडवाल्याला चटकन कळेल. बाजार आधी छाप पाहतो, मग माल. दिल्लीच्या आझादपूर मंडीत लाल डेलिशियसचे नाव चालते, तिचा रंग आणि आकार गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बसला आहे. नव्या नावाची पेटी आढतियासमोर ठेवली की तो आधी भाव पाडतो. ज्याचे घर बागेवर चालते तो हा धोका सहजासहजी घेत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

अंगणाचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे आढतिया नाही, पेटी नाही, दलाली नाही. फळ घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी खायचे आहे. तिथे नावापेक्षा औषधाची बचत आणि मुलांची सुरक्षितता मोठी. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की विक्रीची बाग बाजार पाहून लावावी आणि घरचे झाड रोग पाहून लावावे.

रोप घेताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कलम कोणत्या खुंटावर आहे ते विचारावे. एमएम १०६ या खुंटाला मुळावरचा लोकरी मावा सहसा त्रास देत नाही. दुसरी, एकटे झाड बहुधा नीट फळत नाही. त्याच वेळी फुलणारी दुसऱ्या जातीची जोड हवी. तिसरी, खपली न लागणे म्हणजे कोणताच रोग न लागणे नव्हे. भुरी, मावा, फळ पोखरणारी अळी यांच्याकडे लक्ष द्यावेच लागते. युरोपात काही ठिकाणी ही तटबंदी ओलांडणारी बुरशीही सापडली आहे. म्हणून गळालेली पाने गोळा करून नष्ट करण्याची सवय सोडू नये.

आता आपल्या महाराष्ट्रातील बांधवांसाठी. फिरदौस-शिरीन या थंड मुलखाच्या जाती आहेत. जुन्या डेलिशियसला हिवाळ्यात सात अंशांखालची हजारएक तास थंडी लागते. तेवढी आपल्याकडे कुठून येणार? कमी थंडीत फळणारी ‘एचआरएमएन-९९’ ही जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी काढली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हौस असेल तर तिची दोन झाडे लावून पाहावीत, पण त्यावर धंद्याचे मनोरे रचू नयेत. आठवडी बाजारात ‘काश्मिरी सफरचंद’ म्हणून रोप विकणाऱ्याला जात, खुंट आणि रोपवाटिकेचे पक्के बिल मागावे. बिल देत नसेल तर पुढे जावे. ताग्यावर गिरणीची छाप नसलेले कापड आपण किती भरवशाने घेतो?

आपल्या दीनमध्ये झाड लावणे हा सदका मानला आहे, मग त्याचे फळ माणसाने खावो की पाखराने. ज्या झाडाचे फळ पोराच्या हातात न धुता देता येते, असे एखादे झाड अंगणात असावे.