कृष्णधवल चौकटीच्या कडेला

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळातलं जे चित्रण आज उरलं आहे, ते पाहताना मुलाखत देणाऱ्याकडे नव्हे, त्याच्या मागे पाहावं. मंत्री उद्घाटनाची फीत कापतात तेव्हा मागच्या गर्दीत टोपी आणि धोतर किती, पॅण्ट-बुशशर्ट किती, नऊवारी किती आणि पाचवारी किती, हे सहज मोजता येतं. रस्त्यावर फियाट टॅक्सी, बेस्टची दुमजली बस, गिरणगावातल्या धूर सोडणाऱ्या चिमण्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. त्याआधीचं गिरणीच्या दारातलं कुठलंही दृश्य म्हणूनच अमोल आहे.

दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’सारख्या शेतीविषयक कार्यक्रमांत शेतकरी स्वतः बोलतो. बियाण्याची माहिती पुस्तकात मिळेल. पण माइकपुढे अवघडलेला हात, तालुक्यागणिक बदलणारा हेल आणि ‘पायली’, ‘मण’ अशी मापं बोलण्यात किती सहज यायची, हे फक्त इथेच सापडतं.

एक उणीव मात्र मोठी. १९८२ पर्यंत प्रक्षेपण कृष्णधवल होतं, त्यामुळे लुगड्यांचे रंग कळत नाहीत. शिवाय टेप महाग असत. जुनं पुसून त्यावरच नवं चित्रण होई. समारंभ जपले गेले, रोजचे साधे कार्यक्रम पुसले गेले. जे पुसलं गेलं ते परत येणार नाही; निदान घरोघरी पडून असलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींवर बुरशी चढण्याआधी त्यांचं डिजिटल रूपांतर व्हायलाच हवं.